घुमटीतलं दोनाचं नाणं

आमच्या राजापूर गाडीचा कंडक्टर प्रत्येक नाणं पिशवीत टाकण्याआधी खिडकीच्या उजेडात धरून त्यावरचं साल वाचायचा. आपल्या जन्मसालाची, पाच पैशांपासूनची सगळी नाणी त्याने जमवली होती. फक्त दोन रुपयांचं राहिलं होतं. "मिळेल ओ ताई, जातंय कुठे," म्हणून हसायचा.

घाटातल्या वळणावर राखणदाराची, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. तिथे कंडक्टर उतरून नाणं ठेवतो, मगच गाडी पुढे जाते. गेल्या महिन्यात हा नाणं ठेवायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. परत आला तेव्हा मूठ मिटलेली होती. पहिल्या बाकावरून मी ते बघितलं.

त्या दिवसापासून त्याने साल वाचणं सोडलं. वळण आलं की दांडा घट्ट धरून डोळे मिटतो, आणि नाणं ठेवायला कुणा प्रवाशाला पाठवतो.

काल तिकिटाबरोबर त्याने ते त्याच्या जन्मसालाचं दोनाचं नाणं माझ्या हातात ठेवलं.

"दोनाच्या जागी दोनच ठेवले ओ मी, चोरी नाय केली. पण परवा त्याच वळणावर ब्रेक लागेना. तुम्ही परत ठेवा. माझा पाय उतरत नाय."

वळणावर मी उतरले, घुमटीपुढे वाकले. आतल्या काळोखाकडे बघताना माझी बोटं काही केल्या उघडेनात. तशीच मूठ मिटून गाडीत चढले.

"ठेवलंत?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"ठेवलं," मी म्हटलं.

त्याने घंटी मारली.