उघडं चामडं

आम्रपालीने लोकांच्या घरी जाऊन सोफे साफ करायचं काम धरलं, तेव्हा घरातून कुणी ना म्हटलं नव्हतं. चाकणच्या ज्या कंपनीत ती गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची, तिथली लाइन दुसऱ्या राज्यात हलली आणि कंत्राटावरच्या बायका घरी आल्या. नवरा विक्की कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, मुलगी शाळेत. दिवसभर घरात बसून आम्रपालीला करमेना. मोशी-चऱ्होलीकडे एकामागून एक सोसायट्या उभ्या राहत होत्या, घरोघरी नवे सोफे येत होते. तिने एक व्हॅक्यूम मशीन घेतलं, मोबाइलवर जाहिरात टाकली आणि कामाला लागली.

तिचे वडील भिवाअण्णा आई गेल्यापासून तिच्याकडेच, चिखलीच्या घरकुलात राहत होते. फोर्जिंगच्या कारखान्यात, घणांच्या दणक्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे ऐकू जरा कमी यायचं. लेक मशीन घेऊन निघाली की ते जिन्यापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "जपून उचल, कंबर धरंल."

आधी सगळे कापडी सोफेच असायचे. मग कुणी लेदरच्या सोफ्याचं विचारू लागलं. त्यातलं तिला कळत होतं. कंपनीत शेवटची काही वर्षं ती दुरुस्तीच्या टेबलावर होती. सीटवरचे डाग, चरे काढून देणं हेच काम. पण एका घरी खुर्चीवर ओलं फडकं फिरवलं आणि फडक्याच्या मागोमाग काळपट वळ उठत गेले, तेव्हा ती चपापली. ते वाळून गेले म्हणून निभावलं. घरी येऊन तिने शोधलं, विचारपूस केली, तेव्हा उमगलं. गाडीच्या सीटवर रंगाचा आणि त्यावर आणखी एक पातळ थर असतो. पाणी सांडलं तर वर थेंब उभा राहतो, पुसला की गेला. काही महागड्या खुर्च्यांचं चामडं मात्र उघडं असतं, त्यावर थर म्हणून काही नसतो. थेंब टाकला की तो आत जिरतो. तेल, घाम, ऊन, सगळं ते पिऊन घेतं. म्हणून तर ते इतकं मऊ असतं, आणि म्हणूनच लवकर खराबही होतं.

भोसरीच्या एका व्यापाऱ्याकडून तिने असल्या चामड्याचे तुकडे आणले आणि गॅलरीत पसरून बसली. एकावर मुद्दाम चहा सांडला, एकावर तेल चोळलं. कोणता डाग कशाने निघतो, कशाने आणखी पसरतो, ते बघत होती. अण्णा मागे येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नाही.

"हे काय हाय?"

"चामडं आहे, अण्णा. खरं. सराव करतेय."

अण्णांनी त्या तुकड्यांकडे पाहिलं. पायात स्लिपर सरकवल्या आणि खाली निघून गेले. त्यांच्या पायात जन्मभर रबराचीच चप्पल होती. का, ते आम्रपालीने कधी विचारलं नव्हतं. तिला ठाऊक होतं.

केजकडच्या त्यांच्या गावात मेलेली ढोरं ओढायची आणि सोलायची, हे काम त्यांच्या वस्तीच्या गळ्यात बांधलेलं होतं. धम्म घेतल्यावर वस्तीने ठरवलं की आता हे करायचं नाही. गावाने पाणी तोडलं, कामं तोडली, गिरणीवाला दळण घेईना. काही घरं वाकली. अण्णांचे वडील वाकले नाहीत. बायकापोरांना घेऊन त्यांनी गावच सोडलं. ही गोष्ट आम्रपालीने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की न बघितलेल्या आज्याचा चेहराही तिने मनात ठरवून टाकला होता.

संध्याकाळी अण्णा परत आले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते, त्यांच्याखाली ते भिंतीला टेकून बसले.

"तुझ्या आज्यानं त्या कामापायी गाव सोडलं. आन तू ते इकत आनलंस."

"ते काम वेगळं होतं, अण्णा. आणि कंपनीत मी सीटाच शिवत होते की."

"कंपनी कंपनी असती. हे घरात आलंय." तिच्या सामानाच्या पिशवीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "ती पिशवी दाराभाईर ठिवत जा."

तिने ऐकलं. ब्रश, फडकी, क्रीमचे डबे असलेली पिशवी ती चपलांच्या शेजारी ठेवू लागली. शेजारणीने विचारलं, तेव्हा आत जागा नाही म्हणाली. महिनाभर असंच चाललं. मग एक दिवस कामावरून आल्यावर पिशवी ठेवायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. दार उघडं होतं. अण्णा आत चहा पीत होते.

"अण्णा, तुम्ही कुणाच्या दाराबाहेर कधी उभे होतात?"

अण्णांना ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं. पण त्यांनी कप खाली ठेवला.

"व्हतो की. लई दारांभाईर."

"मग ही पिशवी रोज बाहेर ठेवताना मला कसं वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको."

ती आत आली, हातपाय धुतले, भाकरी टाकायला बसली. त्या रात्री अण्णा नीट जेवले नाहीत. सकाळी ती उठली तेव्हा पिशवी त्यांच्या खाटेखाली होती.

पुढे चऱ्होलीहून करिष्मा नावाच्या बाईंचा फोन आला. चाकणच्याच एका कंपनीत त्या डिझाइनचं काम करायच्या. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरने सामान विकलं, त्यातली वाचायला बसायची मोठी खुर्ची त्यांनी घेतली होती. डोकं टेकतं तिथे मोठा काळा डाग पडला होता. फोटो बघूनच आम्रपालीने ओळखलं, उघडं चामडं. नेमका त्या आठवड्यात तिचा खांदा भरून आला होता आणि विक्कीची शिफ्ट बदलली होती.

"मी येतो," अण्णा म्हणाले. "रिक्षात मशीन धरून बसंन. वर न्हाई येनार."

पण बिल्डिंगपाशी पोचल्यावर मशीन लिफ्टपर्यंत न्यायचं होतं, लिफ्टमधून दारापर्यंत, आणि दारात करिष्मा म्हणाल्या, "काका, आत या ना, बसा." अण्णा बसले, भिंतीकडच्या खुर्चीवर, अगदी कडेला.

आम्रपालीने खुर्चीच्या मागे, खालच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून खात्री केली. मग म्हणाली, "ताई, आधीच सांगते. डाग फिका होईल, पुसून जाईलच असं नाही. आणि सगळी खुर्ची किंचित गडद दिसेल."

"चालेल. माझ्या आईच्या केसांचं तेल आहे ते. माझ्या बाळंतपणात ती इथेच बसायची. चिकट लागत होतं, एवढंच."

मऊ ब्रशने तिने शिवणींतली धूळ काढली. डागावर तेल शोषणारी पांढरी पूड जाड थापली. आता ती पूड तेल ओढेपर्यंत थांबणं, एवढंच काम होतं. करिष्मांनी चहा आणला. बाळ आत झोपलं होतं म्हणून सगळे हळू बोलत होते.

अण्णा उठले. खुर्चीजवळ गेले. मग बोटांच्या पाठीमागून त्यांनी खुर्चीच्या हाताला स्पर्श केला.

"हा चरा तुझ्या हातनं पडला?"

"नाही, अण्णा. तो जनावर जिवंत असतानाचा. तारेला-बिरेला घासलं असेल. वर थर नसला की असलं सगळं दिसतं."

"आमच्याकडं बैल बाभळीत घुसायचे. असंच व्हायचं." त्यांनी हात नाकाशी नेला. "वास न्हाई याला."

मग ते बोलू लागले, लेकीकडे न बघता. "मी पाय धरायचो. लहान व्हतो. बाप सोलायचा आन मी पाय धरून ठिवायचो. किती बी हात धुवा, वास जायचा न्हाई. लगीनघरी गेलं की लोकं नाकाला पदर लावायचे. आन तेच आता दिवानखान्यात मांडतेत."

करिष्मा कपाचा कान धरून ऐकत होत्या. पाय धरायची गोष्ट आम्रपालीने स्वतःही आज पहिल्यांदा ऐकली होती. आज्याची गोष्ट सांगताना अण्णांनी त्यात स्वतःला कधी घेतलंच नव्हतं.

"सांजच्याला पाटलाचा मानूस यायचा," अण्णा म्हणाले. "'चल रे, ढोर पडलंय.' ताटावरून उठून जायचं. बापानं सोडलं ते तेच. हाक आली की उठायचं, ते." मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला कुनाची हाक येती?"

"फोन येतो, अण्णा. नको असलं तर नाही म्हणते."

अण्णांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते तिला कळलं नाही.

दुपारनंतर तिने पूड झाडली. फडक्यावर फेस घेऊन, न घासता, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत अख्खा भाग एकसारखा पुसला. डागापुरतंच पुसलं तर कडेने वळ राहतो. सावलीत वाळू दिलं. मग अगदी थोडं क्रीम बोटांवर घेऊन ते गोल गोल चोळत राहिली. कोरडं पडलेलं चामडं क्रीम पीत होतं, हाताखाली सैल होत होतं. खांदा दुखत होता. न सांगता अण्णांनी दुसरं फडकं उचललं आणि खालची बाजू पुसायला घेतली.

डाग गेला नाही. तिरक्या उजेडात दिसायचाच. खुर्चीच्या हाताखालचा एक भाग तिला हवा होता त्यापेक्षा गडद झाला, तो तिने स्वतःच करिष्मांना दाखवला. त्यांनी खुर्चीत बसून मागे डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. "आता मऊ लागतंय," म्हणाल्या.

त्यानंतर अण्णा दर वेळी बरोबर जातात असं नाही. कधी मनात आलं तर जातात. मध्यंतरी नात्यातल्या एका बारशात कुणीतरी कुजकटपणे विचारलं, पोरगी पुन्हा कातड्यात गेली म्हणे? आम्रपाली उत्तर द्यायला वळली, त्याआधी अण्णा म्हणाले, "गेली ना. तिलाच इचार, लई बारकं काम हाय." विचारणारा हसून दुसरीकडे गेला, त्याच्या बायकोने मात्र नंबर घेतला.

परतताना रिक्षात आम्रपालीने विचारलं, "आज्याला पटलं असतं का हे?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. लगेच म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

अण्णा बाहेर स्पाइन रोडवरची वाहनं बघत राहिले. "माझा इचार चाललाय अजून," ते म्हणाले.