काळी माशी

रिटायर झाल्यावर दादा नुसता माशा मारत बसतो, असं आमच्या नात्यात सगळे म्हणायचे. कुणी तोंडावर विचारलं, "काय करून राहिलेत सध्या?" तर तो स्वतःच सांगायचा, "माशा मारून राहिलो." आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचा. कारण खरी गोष्ट आम्हा दोघांना ठाऊक होती. दादा माशा मारत नव्हता, बनवत होता.

तो माझा मोठा भाऊ. नांदेडजवळ विष्णुपुरीला एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्याची सगळी नोकरी गेली. परदेशात राहून आलेल्या एका सरांनी त्याला त्यांची जुनी मासेमारीची काठी दिली होती. बारीक, लवचिक काठी, जाड दोर, आणि दोराच्या टोकाच्या गळाला गांडुळाऐवजी पिसांची खोटी माशी. ही माशी पाण्यावर टाकायची, हळूहळू ओढायची, आणि माशाला ती जिवंत वाटली पाहिजे. सर नोकरी सोडून गेले, पण काठीचं वेड दादाकडं राहिलं. कोंबड्याच्या मानेची पिसं, शेळीचे काळे केस, वहिनीच्या शिलाई मशीनचा दोरा आणि तिच्या जुन्या साडीच्या काठातली जर, एवढ्यावर त्याचा कारखाना चालायचा. वहिनी माळकरी. घरात मासा शिजणं शक्यच नव्हतं. म्हणून धरलेला मासा तो परत पाण्यात सोडायचा. एवढी खटपट करून मासा सोडून देणारा माणूस लोकांच्या लेखी माशा मारणाराच की.

मी लातूरला शाळेत गणित शिकवतो. सुट्टीला नांदेडला गेलो की दिवस मावळल्यावर तो मला धरणाच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर घेऊन जायचा. दिवसा का नाही, असं मी विचारलं होतं. दिवसा मोठा मासा खोल बसतो आणि अंधार पडला की काठाला येतो, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, रात्री लोक हसायला येत नाहीत हेही एक कारण असावं.

बनवलेल्या माश्यांचा डबा उघडून तो आधी आभाळाकडं बघायचा. चांदणं असलं तर जरीची बारीक माशी. अंधारी रात्र असली तर काळी, केसाळ, मोठी.

"अंधारात काळी? दिसणार कशी त्याला?" मी म्हणालो होतो. मला तर पांढरी बरी वाटायची, निदान डब्यात सापडायची तरी.

"तू वरून बगून राहिला, बारक्या. मासा खालून बगतो. त्याच्या डोक्यावर आभाळ हाय. आभाळ कितीबी काळं असू दे, माशीपुढं ते उजळच. काळी माशीच त्याला नीट दिसती."

बारक्या म्हणजे मी. माझे केस पिकले, शाळेत पोरं मला टरकतात, पण त्याच्यासाठी मी बारक्याच.

दुसरी गोष्ट ओढण्याची. रात्री दोर दिसत नाही, म्हणून तो डाव्या हाताच्या बोटांनी दोर घडी घडी करत मुठीत गोळा करायचा. पाण्यात मासा उसळला की मी लगेच झटका द्यायचो आणि माशी रिकामी परत यायची.

"आवाजावर ओढू नको," तो म्हणायचा. "वजनावर ओढ. आवाज कशाचाबी असतो."

हे मला कधीच जमलं नाही. माझा स्वभाव उतावळा. वर्गातही पोराचं उत्तर अर्धं असतानाच मी "चूक" म्हणून मोकळा होतो.

मागच्या वर्षी दादाला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवसांनी त्याला एक शब्द फुटला. एकच. पाणी हवं असलं तरी तोच, उशी टोचली तरी तोच, वहिनीला हाक मारायचीही त्याच शब्दानं. जीभ जड झालेली, त्यामुळं शब्द नीट उमटत नव्हता. घरात सगळ्यांना ऐकू आलं, "मावशी".

आणि त्यात नवल नव्हतं. आमची आई लवकर गेली. मी तेव्हा पाळण्यात होतो, मला आजोळी ठेवलं. दादाला अहमदपूरच्या मावशीनं नेलं आणि तो हाताशी येईपर्यंत तिनंच सांभाळलं. आता तो मावशीचा धावा करतोय म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीला गुडघ्यांनी चालवत नाही, तरी गाडी करून तिला आणलं. ती खाटेपाशी बसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"आले बग मी. बोल रं लेकरा. काहून बोलावलं मला?"

दादानं तिच्याकडं बघितलं. तोच शब्द दोनदा म्हणाला, मग जोरात म्हणाला, मग चिडला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. मावशी संध्याकाळपर्यंत बसून होती. त्यानं काही तोंड वळवलं नाही. जाताना ती मला म्हणाली, "वळखलं न्हाई रं मला. का माझा राग हाय त्याला?" तिला गाडीत बसवताना माझा हात तिनं लवकर सोडला नाही.

त्या रात्री मी दादाजवळ बसलो. वहिनी त्याच्या हातातून चादर सोडवत होती. "दिवसभर चादर चिवडत राहतात, भाऊजी. बरं लक्षण न्हाई म्हणतात हे." तिनं हात बाजूला केला की तो पुन्हा चादरीची कड धरायचा. मी बघत बसलो. डाव्या हाताची बोटं चादरीची कड घडी घडी करत मुठीत गोळा करत होती. मूठ भरली की सोडायची, पुन्हा गोळा करायची. चिवडणं नव्हतं ते. तो दोर ओढत होता.

मी उठून कपाटावरचा डबा काढला आणि त्याच्या छातीवर उघडला. दादा डब्याकडं बघत राहिला. डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडं गेलं.

"माशी," तो म्हणाला. आता माहीत असल्यावर मला ते स्वच्छ ऐकू आलं.

सगळ्यांनी आवाजावर ओढलं होतं, मीसुद्धा. मला आनंद झाला आणि लगेच माझा हात धरून राहिलेली मावशी आठवली.

पुढच्या अमावास्येच्या आसपास आम्ही त्याला काठावर नेलं. रिक्षातून मी आणि रिक्षावाल्यानं उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, मग रिक्षावाला लांब जाऊन थांबला. वहिनी मागं माळ ओढत बसली. मी मनाशी एक आशा धरून आलो होतो, कुणाला बोललो नव्हतो. इथं, या पाण्याशी, त्याच्या तोंडून एकदा तरी "बारक्या" निघेल असं मला वाटत होतं. मला दुसरं काहीच नको होतं.

मी डब्यातून दिसली ती पांढरी माशी उचलली. "माशी!" दादा खेकसला. अगदी जुनं खेकसणं. मी ती ठेवली आणि चाचपून काळी काढली. "माशी," तो हळू म्हणाला. मी काळी बांधली.

काठी मी फिरवत होतो, दोर त्याच्या डाव्या मुठीत होता. दोघं मिळून एक माणूस झालो होतो. माझी फेक वाकडीतिकडी जात होती, पण पाण्यावर माशी पडली की त्याची बोटं चालू व्हायची. चादरीवर चालायची तशीच, फक्त आता त्यांना काम होतं. बऱ्याच वेळानं समोर पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. मी सवयीनं काठी उचलायला गेलो, पण दादानं दोर ढिला सोडला, मला झटका देऊच दिला नाही. क्षणभर काहीच नाही. मग त्याची मूठ आवळली, दोर ताठ झाला आणि काठी वाकली. शिवडा असावा, मिशांचा मोठा मासा, खाली ओढत राहणारा. दादानं मूठ सोडली नाही. काठापाशी येऊन मासा एकदा उलटला आणि सुटला.

दोर ढिला पडल्यावर दादा हसला. अर्ध्याच तोंडानं, पण मोठ्यानं. माझ्याकडं मान वळवली. मी खाली बसून त्याच्या तोंडाजवळ कान नेला. त्यानं ओठ जुळवले, मला वाटलं आता 'ब' येणार. खूप प्रयत्न केला त्यानं.

"माशी," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी रडलो. त्याच्याकडं तेवढाच शब्द होता, आणि तो त्यानं माझ्या नावाच्या जागी वापरला होता. अंधारात, वहिनीसमोर, पोरासारखा रडलो, आणि तो शब्द त्या रात्रीपासून मी माझा धरला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. मी लातूरला असताना पहाटे वहिनीचा फोन आला. दुसरा झटका आला होता. "तोच शब्द बोलले, भाऊजी," ती म्हणाली. "दोनदा. मंग काहीच न्हाई."

तेरवीला मावशी आली. बायकांत बसली नाही, काठी टेकत थेट माझ्याकडं आली. त्या दिवशी दादानं तोंड फिरवलं, ते तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. चेहऱ्यावरच दिसत होतं.

"शेवटी काही बोलला का रं तो?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तो शब्द 'माशी' होता हे तिलाही माहीत होतं. चूक उत्तर तसंच राहू देणं मला आयुष्यात जमलेलं नाही. आणि तो शब्द माझा होता.

"तुझंच नाव घेतलं, मावशी," मी म्हणालो. "दोनदा."

"मंग त्या दिशी तोंड काहून फिरवलं?"

"तुला रडताना बघवंना त्याला."

मावशी खाली बसली. पदर डोळ्यांना लावून किती तरी वेळ मान हलवत राहिली. "मला ठावं होतं," ती म्हणाली. "पोरगं मलाच बोलवून राहिलं होतं. हाव ना रं?"

"हाव," मी म्हणालो.

दादाकडं शेवटी एकच शब्द उरला होता. तो मी तिला देऊन टाकला.