नदी वर, आम्ही खाली

चार मराठी कुटुंबं एका गल्लीत राहायला लागली की किस्से साठतातच. पुण्यात असतो तर ते नातेवाइकांचे आणि पार्किंगचे असते. आमचे सगळे भीतीचे आहेत. कारण आम्ही उइटहॉर्न या डच गावात राहतो, आणि इथे नदी वर आहे, आम्ही खाली. चतुर्थीला मोदकांचं ताट फिरेपर्यंत कोणीतरी पाण्याचा विषय काढतंच. त्या सगळ्यांत भित्री मी, त्यामुळे सांगायचा हक्कही माझाच.

*

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत होत्या. समोर गवताचा उंच बांध. त्या बांधावरून एका बोटीची केबिन आणि झेंडा हळूहळू सरकत गेला. त्यांनी कप खाली ठेवला.

श्रीरंगनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, उत्साहानं समजावलं की पलीकडे नदी आहे, तिचं पाणी आपल्या ओट्यापेक्षा उंच आहे, पण काळजी नको, पाणी उपसणारे पंप कायम तयार असतात.

"आणि लाइट गेले तर?" सासूबाईंनी विचारलं.

पुढचे तीन महिने त्या वरच्या मजल्यावरच झोपल्या, पासपोर्ट उशीखाली ठेवून.

*

आमचे शेजारी विम आजोबा ऐंशीच्या घरातले, जन्म इथलाच. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि गावाचा इतिहास सांगत बसले. इथे पूर्वी दलदल होती. तिची काळी माती वाळवली की जळणासारखी जळायची, म्हणून लोकांनी ती खणून खणून विकली. खड्ड्यांची तळी झाली, तळी काठ खात सुटली, मग ती उपसून कोरडी केली आणि त्यावर आमची घरं आली.

"म्हणजे आम्ही तळ्याच्या तळाशी राहतो?"

"हो," आजोबा शांतपणे म्हणाले. "तुमचा सोफा आहे ना, तिथे माझ्या पणजोबांनी मासे धरलेत."

जाता जाता म्हणाले, उरलेली माती अजूनही खचतेय, तेव्हा बागेत दर काही वर्षांनी वाळू टाकत जा. मी मागच्या दारी जाऊन पाहिलं. घर घेतलं तेव्हा तिथे एकच पायरी होती. आता खाली एक वीट ठेवल्याशिवाय उतरता येत नव्हतं.

*

आमच्या रांगेतली मानसी नागपूरहून नवीनच आली होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला इथे धोक्याचा भोंगा तपासतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. भोंगा वाजला तशी तिची पाचावर धारण बसली. तिनं पासपोर्ट घेतले, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेतला आणि चपला न घालता धावत बांधावर चढली. तिथे कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी तिला सांगितलं, की आज सोमवार आहे.

आम्ही आजही हसतो. तिचा नवरा मात्र हसत नाही. तो तेव्हा वरच्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता, आणि त्याची आठवण तिला बांधावरून परतताना झाली.

*

आमची वास्तुशांत व्हिडिओ कॉलवर झाली. पुण्याहून गुरुजी म्हणाले, आग्नेय कोपऱ्यात वीतभर खड्डा खणा आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी ठेवून बुजवा. आमच्या पायाखाली तर काँक्रीट. आमची अडचण कळल्यावर पूजेला बोलावलेल्या विम आजोबांनी पुढच्या दाराशी असलेलं पायपुसणं पायानंच बाजूला सारलं. खाली एक चौकोनी झाकण होतं. इथल्या घरांच्या जमिनीखाली सरपटण्याएवढी पोकळी असते, ती आम्हाला माहीतच नव्हती.

श्रीरंगनं झाकण उचललं. गार, कुबट वास आला आणि अंधारात पाणी चकाकलं. त्या क्षणी मला ते घर नको झालं.

गुरुजींनी कॅमेरा खाली धरायला सांगितला. मग म्हणाले, "पाणी आहे? मग डब्यात ठेवा."

भाजणीचा प्लास्टिकचा डबा रिकामा केला. नशिबानं दार आग्नेयेलाच होतं. श्रीरंगनं पालथं पडून हात लांबवला आणि डबा ओल्या वाळूवर टेकवला. पूजेला आलेल्या सासूबाई दूर जिन्यावर उभ्या होत्या. "देवाला पाण्यात ठेवलंत," एवढंच म्हणाल्या. मी तेव्हापासून त्या पायपुसण्यावर पाय देत नाही, ओलांडून जाते.

*

इथे मुलांना पोहण्याचा डिप्लोमा मिळवावाच लागतो, म्हणजे सगळे तसं मानतात. आमच्या ईराची परीक्षा होती तेव्हा सासूबाई पुन्हा आलेल्या. मुलांना कपडे-बूट घालून पाण्यात सोडलं आणि पाण्याखाली एक भोक पाडलेलं कापड लावलं, त्यातून आरपार जायचं. सात वर्षांची माझी पोर पाण्याखाली गेली आणि मी डोळे मिटले. मला वाटलं, सासूबाई रामरक्षा पुटपुटत असतील. डोळे उघडले तर त्या टक लावून बघत होत्या.

*

गेल्या हिवाळ्यात दोन आठवडे पाऊस थांबेना. दाराजवळ काँक्रीटवर बसवलेली लाकडी जमीन फुगली. मी श्रीरंगला सांगितलं, बस झालं, हे घर विकू, जवळच्या डीमनला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊ. पहिल्यांदाच त्यानं वाद घातला नाही. विकण्याआधी खालचं तपासायला एक माणूस बोलावला.

त्यानं झाकण उचललं आणि तो मागे सरकला. पाणी झाकणाच्या खाली वीतभरावर आलं होतं. त्यावर भाजणीचा डबा तरंगत होता, आणि त्याला ईराच्या लहानपणीचे, पोहताना दंडात घालायचे दोन नारिंगी फुगे देवघरातल्या लाल नाड्यानं करकचून बांधलेले होते.

मागून ईरा डचमध्ये म्हणाली, "देवाकडे डिप्लोमा नाही ना."

मी गर्रकन वळले. "हे जड झाकण कोणी उघडलं?" ही त्या पाण्यावर एकटी ओणवी झाली होती?

एरवी मराठीत उत्तर न देणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "आजीनं उघडलं, माझ्या परीक्षेनंतर. तिनंच माझे पाय धरले होते."