जुलै नको म्हणणारी

आम्ही परदेशात राहतो त्या स्कारबरोच्या एका प्लाझात, दुकानांच्या रांगेत, विमानाची तिकिटं काढून देणारी ती नागपूरकर बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ती काहीच टाइप करत नाही आणि नकार द्यायचा असला की आधी चष्मा काढते.

यंदा मी युरोपचा बेत आखूनच गेले. जुलै महिना, दहा दिवस, सात शहरं. तिने चष्मा काढला.

“जुलैत आता तिकडे आपलं मे महिन्यातलं नागपूरच असते, ताई. अन् हल्ली लोक एकच गाव धरून राहतात. सप्टेंबरात जा ना.”

“जुलैच बरा. आम्ही दोघंच जातोय. बाबांना एवढं चालवत नाही.”

बाबा, म्हणजे माझे सासरे, शेजारीच बसले होते. “तुम्ही फिरून या,” ते म्हणाले. घरीही ते हेच म्हणाले होते, आणि आम्ही ते लगेच मान्य केलं होतं.

ती उठली. “चला काका, चहा आणू.”

काचेतून मला दोघं दिसत होती. ते थांबले की तीही थांबायची. मध्येच एका बाकावर दोघं गप्पा मारत बसली. परत आल्यावर ती म्हणाली, “काका येतात, आपल्या चालीनं. तुमची सात शहरं तेवढी नाही येत.”

मग तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पोर्तुगालमधलं एक लहानसं गाव, तळमजल्यावरची खोली, समोर चौक. बाबा तो फोटो बराच वेळ पाहत राहिले.

“सूनबाई,” त्यांनी मला विचारलं, “सप्टेंबरात तिकडे स्वेटर लागेल का?”