माफीच्या यादीतलं सुटलेलं नाव

रत्नागिरीच्या सायबर कॅफेत एकदा माझ्या आधी एका बागायतदार आजोबांचा नंबर होता. त्यांच्या ईमेलवरून सगळ्या ओळखीच्यांना कसल्याशा गोळ्यांच्या जाहिराती गेल्या होत्या. पासवर्ड बदलून झाला, तरी ते एका बोटाने प्रत्येकाला वेगळं माफीपत्र लिहीत बसले, अगदी 'सप्रेम नमस्कार'पासून.

"सगळ्यांना एकदम पाठवा की," मी वैतागून म्हटलं.

"नको हो. ती पण जाहिरातच वाटायची."

पत्र गेलं की ते वहीतल्या यादीत पेनाने त्या नावावर खूण करत. एक नाव मात्र त्यांनी सोडलं. मी ते दाखवलं.

"मुलगा माझा. दुबईला असतो. दोन वर्षं माझ्या पत्राला उत्तर नाही. त्या गोळ्या बघून लिहिलंन, 'बाबा, बरे आहात ना?'" पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "त्याला कशाला सांगू, ते मी लिहिलं नव्हतं म्हणून?"