खुरसावर ठेवलेला हात

चाळीस वर्षं मी जी साक्ष देत आलो, ती पूर्ण खरी नव्हती. डिचोली, पेडणे, म्हापसा, जिथे प्रार्थनासभेला बोलावलं तिथे मी उभा राहिलो आणि सांगितलं, की वास्कोच्या रस्त्यावर वाढलेला मी एक अनाथ पोर. माझ्या सोबत्याने वाटेवरच्या खुरसावरचा, म्हणजे दगडी क्रॉसवरचा, दिवा चोरला, आळ माझ्यावरही आला, मी खुरसावर हात ठेवला आणि प्रभूने तो हात धरला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. माझेही येत. ते रडणं खोटं नव्हतं, आणि हेच मला अजून उलगडलेलं नाही. आता सत्तरी ओलांडली आहे. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

आई गेल्यावर वडील बोटीवर कामाला गेले ते परतले नाहीत. मी स्टेशनच्या आडोशाला झोपू लागलो. तिथेच तुकाराम भेटला. माझ्याच वयाचा, अकरा-बारा वर्षांचा, पेडण्याकडच्या एका गावातून बापाच्या माराला कंटाळून पळालेला. तो धक्क्यावर माशांच्या टोपल्या उचलायचा. मी हाताला लागेल ते उचलायचो. दोघांत मिळून एक गोणपाटाची पिशवी होती, आमचा सगळा संसार तीत. तुकाराम देवभोळा. देऊळ दिसलं की हात जोडायचा, वाटेवर खुरीस लागला तरी जोडायचा. मी चिडवायचो, "अरे, हा तर पाववाल्या किरिस्तावांचा देव." तो म्हणायचा, "वाटेर उभो आसा, म्हणजे वाटसरांचो."

एका संध्याकाळी स्टेशनजवळच्या खुरसापाशी लादाइन झाली. लोकांनी प्रार्थना गायल्या आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना उकडलेले चणे आणि खोबरं वाटलं. आम्हीही ओंजळी पुढे केल्या. कोण, कुठले, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिथला पितळी दिवा काढला आणि पिशवीत घातला. होय, मीच. तुकाराम तेव्हा धक्क्यावर होता. तो परत आला तोवर ऊन वर आलं होतं आणि माणसं जमली होती. पुढे होता पोदेर, म्हणजे तिथला पाव भाजणारा. त्या खुरसाची दिवाबत्ती त्याच्याच घराकडे होती. पिशवी उलटी केली, दिवा पडला. पिशवी दोघांची. तेव्हा पोदेर म्हणाला, खुरसावर हात ठेवून सांगा.

मी लगेच हात ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता, एवढंच मला जाणवलं. माझ्या लेखी तो दगडच होता, म्हणून भीती वाटली नाही. "मी नाही घेतला," म्हणालो. तुकाराम मात्र मागे सरला. "माझे हात माशांचे आसत," तो म्हणाला, "आंघोळ नाय केलेली. देवाक असो कसो शिवू?" कुणीतरी हसलं, "बघा, चोराचे पाय मागे." त्याच्या कानाखाली एक थप्पड बसली आणि त्याला चौकीवर नेलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. ज्याने देव मानला तो चोर ठरला, आणि ज्याने मानला नाही तो साव.

पोदेराने माझ्या डोक्यावर हात ठेवला, "खरं बोललास. चल माझ्याकडे, भट्टीवर काम आहे." तिथे मला पोटभर पाव मिळाला, निजायला जागा मिळाली. त्या घरच्या म्हातारीने मला प्रार्थना शिकवल्या, पुढे बाप्तिस्मा झाला. आयुष्यात चांगलं म्हणून जे आलं, ते त्या खोट्या शपथेच्या दारातून आलं. बाकीची सगळी पापं मी पाद्रींपुढे कबूल केली. हे एक नाही. आधी भीतीने, आणि नंतर, खरं सांगायचं तर, माझी साक्ष फार सुंदर झाली होती म्हणून.

डिचोलीत माझ्याकडे एक खोली आहे. वाट चुकलेली पोरं शनिवारी दुपारी तिथे येतात. बहुतेक हिंदू घरांतली. खाणी थांबल्यावर ज्यांच्या बापांचे ट्रक उभे राहिले, अशांची बरीच. मी त्यांना धर्म शिकवत नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना मात्र माझ्या येशूकडे करतो. त्यांतला सूरज मुळगावचा. एका चोरीच्या प्रकरणात सापडलेला आणि माझ्या हमीवर सुटलेला. दुसरी तक्रार झाली की त्याची रवानगी सुधारगृहात, हे त्यालाही ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी खोलीतून एका मुलाचा मोबाइल गेला. सगळ्यांच्या नजरा सूरजकडे. मेजावर लाकडी खुरीस असतो. माझी जुनी पद्धत होती, त्यावर हात ठेवून बोलायचं. एकेक पोरगा हात ठेवून गेला. सूरजने हात पाठीमागे घेतले.

"काका, सकाळपासून बाजारात बांगडे निवडतंय," तो म्हणाला. "हात वासाचे आसत. तुमच्या देवाक असोच कसो लावू?"

मी खुर्चीवर बसलो. कुणी पाणी आणलं. साठ वर्षांनी तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, ज्याने ते कधी ऐकलं नव्हतं अशा मुलाच्या तोंडून. याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं, की तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला आहे, आणि या वेळी मी पोदेराच्या जागी उभा आहे. तिथेच मी मुलांना सगळं सांगितलं.

मग बाबू नावाचा एक वात्रट पोरगा म्हणाला, "म्हणजे काका, तुम्ही आमच्यापेक्षा पोचलेले." सूरजलाच हसू आलं. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "आणि त्या तुकारामाचा काय झाला?"

"ठाऊक नाही. पेडण्याचा होता. गाव आठवतं."

"म्हापशात बदलली की पेडण्याची बस गावता, काका."

मोबाइल आजवर मिळालेला नाही. सूरजने तो घेतला नव्हता असं मी शपथेवर सांगणार नाही. शपथांवरचा माझा भरवसा उडाला आहे. पण मी तक्रार केली नाही, आणि तो अजून येतो.

पुढच्या आठवड्यात तो माझ्याबरोबर पेडण्याला आला. तुकाराम जिवंत होता, त्याच गावातल्या आपल्या घराच्या ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसलेला. त्या थपडेने एक कान तेव्हाच गेला, दुसरा वयाने. त्यामुळे जे मी साठ वर्षं कुजबुजलोही नव्हतो, ते, दिव्यापासून पोदेराच्या भट्टीपर्यंत, मला ओरडून सांगावं लागलं. शेजारची माणसं अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभी राहिली. त्याची सून पदराने तोंड झाकून ऐकत होती.

"दिवो तूच घेतलेलंस, ता माका तेव्हाच कळला," तुकाराम म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"कोण ऐकतलो?" सुपारी सोलता सोलता त्याने विचारलं, "थंय पाव पोटभर गावतालो मा रे तुका?"

मी हो म्हणालो, पोटभर मिळायचा. "बरा झाला," तो म्हणाला. मी माफी मागितली. त्यावर तो थांबला, विचार करून म्हणाला, "माफ केलंय काय नाय, ता माका आज सांगूक येवचा नाय. च्या घे, थंड जाता."

प्रभूला मी सगळं वाहिलं आहे असं मानत होतो. एक गोष्ट मुठीत राहिली होती, ती म्हणजे माझी स्वतःचीच कहाणी. ती सोडल्यावर हात रिकामा झाला, आणि या वयात रिकाम्या हाताचं नवल वाटतं. खोट्या शपथेवर त्याने माझं घर का उभं केलं, हे मी अजून त्याला विचारतो. आणि महिन्यातून एकदा मी पेडण्याची बस धरतो. तुकारामाने अजून माफ केलं म्हटलेलं नाही. मला पाहिलं की तो सरकून ओसरीवर जागा करतो. एवढी कृपा मला पुरेशी आहे.