खुंटीवरचे दोरे

बायकोच्या मातीला गल्ली भरून बाया आल्या होत्या. सगळ्या रडत होत्या आणि मी त्यांचे झंपर पाहत होतो. एकेकीच्या अंगावर माझ्या बायकोच्याच हातचा. माणसांत कुणाच्या अंगावर माझ्या हातचा सदरा दिसतो का म्हणून मान वळवली, तर सगळे तयार कपडे घालून आलेले. त्या दिवशीसुद्धा पोटात आधी हेवा उठला, दुःख मागून आलं. खोटं कशाला लिहू.

टेलर मी होतो. ती नव्हती. माझी शाळा चौथीपर्यंत, पण लातूरच्या गंजगोलाईजवळ एका उस्तादाच्या हाताखाली टेप, खडू, कात्री सगळं रीतसर शिकलो. ती फक्त काज-बटन करायची, मी सांगेन तेवढं.

मग दुष्काळ पडला. पोटाला नाही तिथं कपडे कोण शिवतंय? मशीन झाकून ठेवली आणि दोघं खडी फोडायला गेलो. तिथं घण उचलला की बायांचे झंपर काखेत टर्रकन फाटायचे. बाया एका हातानं पदर धरायच्या, एका हातानं हातोडा मारायच्या. हिनं धान्याच्या रिकाम्या थैलीचा चौकोनी तुकडा कापला, तिरका धरला आणि एकीच्या काखेत बसवून दिला. त्याला चौबगला म्हणतात. जुन्या बाराबंदीला असायचा. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं दोन्ही हात वर नेऊन घण घातला, झंपर जागचा हलला नाही, आणि सगळ्या बाया हिच्याभोवती जमल्या.

तिला आकडे येत नव्हते. माप ती दोऱ्यावर घ्यायची. टोकापासून पहिली गाठ गळ्याची, पुढची बाहीची, मग उंचीची, कमरेची आणि शेवटची छातीची. दोरा कुणाचा हे कळायला टोकाला त्या बाईच्या कापडाची चिंधी. एका बाईचा एक दोरा, खुंटीला टांगलेला.

पुढं लातूर जिल्हा झाला. साहेब लोक बदलून आले, त्यांच्या बायका आल्या. इरकलीचे काठ उलटे लावून, खणाच्या कळ्या करून ही असे झंपर काढायची की दोघींचे सारखे कधीच नाहीत. पाटीवर नाव माझं, आणि लोक विचारायचे, "त्या झंपरवाल्या बाईंचं दुकान कुठंय?" मला म्हणायचे, "मास्तर, जरा सरकून बसा."

लई जळलो. दुपारी ती पाण्याला गेली की मी खुंटीवरचे दोरे काढून टेपला लावायचो. कुठल्या गाठीला तिनं किती कापलं, किती सैल सोडलं, सगळं वहीत उतरवलं. मग गुपचूप एक झंपर शिवला. पोत्यासारखा बसला.

त्याच आठवड्यात एका साहेबाच्या बायकोचं कापड आलं होतं, जांभळं, जरीचं. झेंड्याच्या कार्यक्रमाला घालायचं होतं. मी त्या बाईच्या दोऱ्याची छातीची गाठ सोडली आणि दोन बोटं अलीकडं बांधली. म्हटलं, एकदा तरी चुकू दे हिला.

दुसऱ्या दिवशी हिनं तो दोरा चिमटीतून सोडला. शेवटच्या गाठीशी बोटं थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "अहो, चहा टाकू का?" चहा झाला, मग कापड कापलं. झंपर असा बसला की ती बाई आरशासमोर दोन्ही हात वर करून गोल फिरली. घरात त्यावर कधी शब्द निघाला नाही. तो दोरा मी पुन्हा हातात धरला नाही.

ती गेल्याला महिना झाल्यावर तिची शागीर्द आली. बिलोलीकडची पोर, आमच्याकडं शिकली, आता नांदेडला मोठं दुकान. तिनं शिवलेले लग्नाचे कपडे मुंबईला जातात. फॅशन डिझायनर म्हणतात तिला.

"काका, मावशीचे दोरे द्या मला."

"जाळून टाकले."

तिनं माझ्या डोक्यावरच्या खुंटीकडं पाहिलं. "मग ह्या काय, शेवया वाळत घातल्यात?"

मी कात्री पुसायला घेतली.

"काका, पोरी शिकायला येतात माझ्याकडं. चौबगला जमतो त्यांना. पण सैल किती सोडायचं ते मावशीच्या बोटातच होतं. दोरे नेऊन तरी काय, मलाच वाचता येत न्हाईत. विचारायचं राहून गेलं."

वाचता मला येत होते. जगात एकट्याला. पण ते सांगायचं तर वही काढावी लागणार, आणि वही काढली की चोरी उघडी. गप्प बसलो असतो तर सगळं तिच्यासंगंच संपलं असतं, आणि पाटीवर माझं एकट्याचं नाव उरलं असतं. खरं सांगतो, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग उठलो. पेटीच्या तळातून वही काढली.

"काका! हे कवा लिहिलं?"

"ती पाण्याला गेली की. चोरून."

पोरगी हसली नाही. आम्ही एकेक दोरा वहीशी लावत बसलो. जांभळी चिंधी आली तसं मी तोंड फिरवलं.

"ह्याला शेवटाला दोन गाठी हायत. कुठली धरू?"

मी दोरा हातात घेतला. माझी गाठ तशीच होती. तिनं सोडली नव्हती. दोन बोटं पलीकडं आपली घट्ट बांधून टाकली होती, आणि इतकी वर्षं तो दोरा माझ्याच डोक्यावर टांगून ठेवला होता.

"शेवटची धर. अलीकडची माझी हाय." मग सगळं सांगितलं.

"सोडू का ही?"

"राहू दे. तिनं ठेवली ना."

जाताना तिनं वहीपण मागितली. दिली. म्हणालो, "पहिल्या पानावर मावशीचं नाव घाल." ती पायऱ्या उतरली, तरी मला राहवेना. हाक मारली, "खाली माझं बी घाल, बारीक. आणि चौबगला उस्तादानं मला दाखवला होता, मी तिला सांगितला, हे बी लिही."

"लिहिते, काका."

लिहील का नाही कोण जाणे.